मिनी बाईकचा क्लच जळाला, आता टॉर्क कन्व्हर्टर बसवू काय?

जांबोटीचा_गडी:

राम राम मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीकडं आमचं शेत हाय, तिथं घरीच वेल्डिंग करून बनवलेली मिनी बाईक वापरतोय. इंजिन जुन्या पंपसेटचं, होंडा जीएक्स२०० टाईपचं १९६ सीसी, दोरी ओढून चालू करायचं. इंजिनावर १० दात्यांचा सेंट्रीफ्युगल क्लच (इंजिनाचे फेरे वाढले की आपोआप धरणारा), मागच्या चाकाला ५० दात्यांचं स्पॉकेट, चेन ४२०, टायर १४५/७०-६. सपाटीला गाडी झकास पळायची पण शेतातनं घरापर्यंतचा रस्ता सगळा चढाचा, मागं कॅरियरवर कधी ओला चारा कधी दुधाचा कॅन, मग चढाला इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी माणसाच्या चालीनं जायची, वर पोचेपर्यंत करपल्याचा वास सुटायचा. आता तर पूर्ण बसलाच. उघडून बघितलं तर बेल (क्लचची बाहेरची वाटी) निळी पडल्या, शू (आतनं वाटीला धरणारे तुकडे) गुळगुळीत काळेभोर, एक स्प्रिंग तुटून आतच पडल्या.

भाऊ म्हणतोय तसलाच नवीन क्लच घाल आणि विषय संपव. मी व्हिडिओत टॉर्क कन्व्हर्टर बघितलाय, दोन पुल्या आणि बेल्टवाला, ३० सिरीज म्हणतात तो. ऑनलाईन मिळतोय पण क्लचच्या मानानं लई महाग हाय. खरंच उपयोग हाय काय? आणि पंपाच्या इंजिनाला तो बसतोय काय? गाडी रोडवर न्यायची नाय, शेतातच.

उद्यमबाग_टर्नर:

भावा नवीन क्लच घातलास तर तो पण जळणार, लिहून घे. क्लचची क्वालिटी हा नंतरचा प्रश्न, तुझा हिशोबच बसत नाय. बघ, १४५/७०-६ चा टायर साधारण १४ इंची, म्हणजे एका फेऱ्यात १.१ मीटरच्या थोडं वर जातंय. १० ला ५० म्हणजे ५ चा रेशो, इंजिनाचे पाच फेरे तेव्हा चाकाचा एक. असले क्लच साधारण १८०० ते २२०० आरपीएमला धरायला लागतात, आपण २००० धरू. २००० ला चाक ४०० फेरे मारणार, म्हणजे ताशी २७ किलोमीटर. याचा अर्थ काय, तर गाडी २७ च्या खाली असली की शू बेलवर घासतच राहणार, पूर्ण पकडणारच नाय. सपाटीला तू काही सेकंदात २७ पार करतोस, घासणं तिथंच संपतं. चढाला चारा घेऊन १० च्या स्पीडनं चाललायस, म्हणजे खालपासून वरपर्यंत क्लच घासतोय आणि इंजिनाची निम्म्याहून जास्त ताकद बेल तापवण्यात जातीय. निळी पडणार नाय तर काय होणार.

टॉर्क कन्व्हर्टरचा फायदा इथंच हाय. ३० सिरीजचा रेशो सुरवातीला साधारण २.७ आणि स्पीड आल्यावर ०.९ पर्यंत उतरतो. तुझ्याच १०-५० स्पॉकेटवर सुरवातीचा एकूण रेशो साडेतेरा झाला, म्हणजे २००० आरपीएमला गाडी ताशी १० वर. त्या स्पीडला बेल्टनं पुली धरलेली असणार, घासणं संपलं. आणि वरच्या टोकाला ३६०० आरपीएमवर हिशोबानं पन्नासच्या पुढं जाईल, म्हणजे टॉप स्पीड पण जात नाय. शेतात पन्नास कशाला पाहिजे ते तुझं तू बघ. मी असतो तर मागं ६० दात्यांचं घातलं असतं, मग २००० ला ८ च्या आसपास येतं आणि टॉप ४५ च्या दरम्यान, मालासकट चढायला आणखी सोपं.

बसवायच्या आधी क्रँक शाफ्ट व्हर्निअरनं मोज. टेपनं नको. काही इंजिनांना पाऊण इंची शाफ्ट असतो, १९.०५ एमएम, काहींना २० एमएम. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. ३० सिरीजची पुढची पुली पाऊण इंची घेतलीस आणि शाफ्ट २० चा निघाला तर ती आत जाणारच नाय, आणि २० ची पुली पाऊण इंचीवर घातलीस तर ती लुडबुडत राहून की-वे (शाफ्टवरची चावीची खाच) खाऊन टाकेल.

निपाणी_वाला:

टर्नर भाऊंचा हिशोब बरोबर हाय पण एवढा खर्च कशाला? मागचं स्पॉकेट ७० चं घाला, नवीन क्लच घाला, झालं काम. स्पॉकेट कोणीपण कापून देतंय. बेल्ट, दोन पुल्या, बेअरिंग, ही सगळी डोकेदुखी शेतातल्या गाडीला कशाला लावायची? चिखल, धूळ, चारा, काय काय शिरतंय त्यात. क्लच साधा असतोय, गेला तर अर्ध्या तासात बदलून होतोय.

उद्यमबाग_टर्नर:

@निपाणी_वाला ७० चं घातलं तरी २००० आरपीएमला गाडी १९ वर येते, तो तर १० नं चढतोय. म्हणजे घासणं कमी झालं पण थांबलं नाय. आणि टॉप ३४ वर आला. शिवाय १४ इंची टायरला ७० दात्यांचं ४२० चं स्पॉकेट म्हणजे व्यासच ११ इंचाच्या वर, जमिनीपासून दीड इंच वर राहील, बांधावर आपटलं की दाते गेले. ३५ नंबरच्या बारीक चेनवर गेलं तर जमतं, तिची पिच (दोन पिनांमधलं अंतर) पावणेदहा एमएमच्या आतली असते, पण मग पुढचं स्पॉकेट, चेन सगळंच बदला. सपाट रानात, निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत, क्लच चालतोय हे मान्य हाय. जांबोटीच्या चढाला नाय.

निपाणी_वाला:

११ इंच? हे डोक्यातच आलं नव्हतं बघा. बरं पण धुळीचा मुद्दा माझा कायम हाय.

चंदगडचा_पाव्हणा:

आम्ही पलीकडं चंदगडात, पाऊस आणि चढ तुमच्यासारखाच. आमच्या काजूच्या बागेत असलीच गाडी हाय, ३० सिरीज लावलेली, म्हणून लिहितोय. बसवताना काय काय आडवं येतं ते सांगतो, व्हिडिओवाले हे सांगत नाहीत.

पहिलं, इंजिनाचं ऑईल सील. पंपाचं जुनं इंजिन म्हणताय तर शाफ्टच्या बाजूचं सील गळतंय का ते आधी बघा. बोट फिरवून तेलकट लागलं तर सील बदलल्याशिवाय पुढं जाऊ नका, कारण तेल क्लचवर पडलं तरी तो घसरतो आणि बेल्टवर पडलं तर बेल्ट गेलाच समजा. तुमचा क्लच घसरायला हे पण एक कारण असू शकतं.

दुसरं, शाफ्टच्या टोकाचा बोल्ट. पाऊण इंची शाफ्टला आतला आटा जास्त करून इंची असतो, ५/१६ ला २४ चा, म्हणजे ५/१६ इंची जाडी आणि इंचाला २४ आटे. आपल्याकडच्या दुकानात ८ एमएमचा बोल्ट सहज मिळतो आणि तो दिसायला हुबेहूब तसाच असतो, एक दोन आटे आत पण जातो, मग कोणतरी पाना लावून जोर देतो आणि शाफ्टचा आटा खलास. क्रँक बदलायची पाळी येते. हातानं शेवटपर्यंत फिरला तरच तो बोल्ट खरा.

तिसरं, प्लेट. टॉर्क कन्व्हर्टरची मागची प्लेट इंजिनाच्या तोंडावरच्या चार भोकांना बसते आणि मागची पुली इंजिनाच्या मागं येते. ती पुली सहा-सात इंची असते, तेवढी जागा फ्रेममध्ये पाहिजे. घरी बनवलेल्या फ्रेमला बहुतेक वेळा सीटखालचा पाईप नडतो. इंजिनाखाली जाड पट्टी टाकून उचलावं लागतं नायतर भोकं लांब करून पुढं सरकवावं लागतं. मागवायच्या आधी पुठ्ठ्याचे दोन गोल कापून इंजिनाजवळ धरून बघा, सायलेन्सर आणि पायदानाला पण लागतंय का ते कळेल.

चौथं, बेल्टची बाजू. ३० सिरीजचा बेल्ट दोन्हीकडनं सारखा नसतो, एक बाजू जवळजवळ सरळ असते आणि एक तिरकी. सरळ बाजू इंजिनाकडं. उलटा घातला तरी गाडी चालते पण थोड्याच दिवसात बेल्टच्या कडा सुटतात आणि मग लोक म्हणतात माल खराब.

ग्रीस कुठंच नको. पुलीच्या तोंडाला नाय, बेल्टला तर नायच नाय. आमच्याकडच्या एकानं प्रेमानं ग्रीस लावली होती, गाडी जागची हलंना.

आणि धुळीचं, निपाणी वाल्यांचं बरोबर हाय. कव्हर पाहिजेच, पण डबा बंद केल्यासारखं पूर्ण बंद नको. बेल्ट तापतो, हवा लागते त्याला. खालनं आणि मागनं मोकळं ठेवा, चाकाकडची बाजू झाका, चिखल तिकडनंच उडतो. पावसात बेल्ट ओला झाला की घसरतो, हे होणारच, थोडं थांबून ब्रेक धरून हलकं ॲक्सिलेटर दिला की सुकतो. जास्त वेळ नाय हं, नायतर बेल्ट एकाच जागी जळून तिथं खड्डा पडतो आणि मग गाडी धडधड करत निघते.

जांबोटीचा_गडी:

अण्णा लई उपकार. सील बघितलं, थोडं तेलकट हाय खरं. शाफ्ट गावात एकाच्या व्हर्निअरनं मोजला, १९.०३ येतोय, म्हणजे पाऊण इंचीच की? एक डोक्यात आलंय, ॲक्टिव्हाचं व्हेरिएटर पण असंच असतंय ना, भंगारात स्वस्त मिळतंय, ते लावलं तर?

शहापूरचे_काका:

होय, पाऊण इंचीच. ॲक्टिव्हाचं मनात पण आणू नको बाळा. तत्त्व तेच हाय, दोन पुल्या आणि मध्ये बेल्ट, स्पीड वाढला की पुढची पुली आवळते आणि मागची उघडते. आपल्याकडं हे १९८४ ला कायनेटिक होंडानं आणलं, तेव्हा गिअर नसलेली स्कूटर बघायला लोक जमायचे आणि मेकॅनिक हात लावायला घाबरायचे. पण स्कूटरमध्ये बेल्ट सतत फिरत असतो आणि क्लच वेगळा, मागच्या पुलीवर असतो, त्याच्यापुढं परत गिअर रिडक्शन, ते सगळं चाकाबरोबर एकाच केसिंगमध्ये. म्हणजे तुला पुढची पुली तुझ्या शाफ्टला बसेल असं नवीन बुश करावं लागेल, मागं क्लचसकट पुली धरायला नवीन बेअरिंगचं घर करावं लागेल आणि दोन्हींचं अंतर बेल्टला बरोबर जुळवावं लागेल. भंगारात वाचलेले पैसे लेथवर जातील आणि वर थोडे घरचे.

३० सिरीजमध्ये वेगळा क्लच नसतोच. इंजिन स्लोवर असताना पुढची पुली उघडी असते, बेल्ट मध्ये सैल पडून राहतो. ॲक्सिलेटर दिला की वजनं बाहेर फेकली जातात, पुली आवळते आणि बेल्टला धरते. मागच्या पुलीत तिरकी कॅम आणि स्प्रिंग असते, चढाला चाकावर जोर आला की ती कॅमच पुलीला परत आवळते आणि गाडी आपोआप खालच्या रेशोवर येते. तुला चढाला हेच पाहिजे.

म्हणून स्लो आरपीएम नीट लाव. १४०० च्या आसपास असू दे. स्लो वाढवून ठेवलास तर गाडी उभी असताना पण पुली बेल्टला घासत राहणार. आणि गव्हर्नर (इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारा भाग) काढायचं भूत कोणी डोक्यात घालेल, ते ऐकू नको. ते इंजिन ३६०० च्या हिशोबानं बनवलंय, गव्हर्नर काढून पळवलं की कनेक्टिंग रॉड नायतर फ्लायव्हील फुटायची भीती, आणि फ्लायव्हील तुझ्या गुडघ्याजवळ असतं.

अजून एक, ब्रेक कसले आहेत ते तू लिहिलंच नाहीस. चारा घेऊन वर जातोस तसं रिकामी का होईना खाली पण येतोस. ॲक्सिलेटर सोडला आणि स्पीड कमी झाला की बेल्ट सुटतो, इंजिन गाडीला धरत नाय, सगळा भार ब्रेकवर. बँड ब्रेक (ड्रमवर पट्टा आवळणारा) असेल तर मागं डिस्क लावायचं बघ.

जांबोटीचा_गडी:

काका ब्रेक मागं बँडचाच हाय. डिस्कचं बघतो. पुठ्ठा कापून धरला, सायलेन्सरला काय लागत नाय पण सीटखालच्या पाईपला मागची पुली जेमतेम अर्धा इंच घासतीय. इंजिन उचलू की पुढं सरकवू? आणि चेनचं काय, आत्ताचीच चालंल?

उद्यमबाग_टर्नर:

दोन्हीपैकी जे केल्यावर चेन सरळ राहील ते कर. तुझं स्पॉकेट आता क्रँकवरनं निघून मागच्या पुलीच्या शाफ्टवर जाणार, तो शाफ्ट ५/८ इंची असतो, म्हणजे क्लचचं जुनं स्पॉकेट तिथं चालणार नाय, ५/८ बोअरचं १० दात्यांचं ४२० वेगळं घ्यायचं. ४१ नंबरचं मिळालं तरी चालतंय, पिच आणि रुंदी तीच. बाईकची ४२८ चेन मात्र नको, पिच अर्धा इंचच असते पण रुंदी जास्त, स्पॉकेटवर डुलत राहते. स्पॉकेट मागं सरकल्यामुळं आत्ताची चेन लांब पडेल, कड्या कापाव्या लागतील, आत्ताच कापू नको, सगळं बसल्यावर.

आणि चेनची लाईन बदलते हे लक्षात ठेव. जास्त करून स्पॉकेट प्लेटच्या आतल्या बाजूला, इंजिनाकडं येतंय. लांब सरळ पट्टी मागच्या स्पॉकेटला चिकटवून धर आणि पुढचं स्पॉकेट तिच्या रेषेत येतंय का बघ. दोन-तीन एमएमचा फरक असला तर वॉशर, त्याच्यापुढं गेला तर मागचं स्पॉकेट बुश टाकून सरकवायचं. बुश लेथवर करून घे, उद्यमबागेत आलास तर माप घेऊन ये, पाईपचा तुकडा कापून लावू नको, दोन्ही तोंडं समांतर नसतात.

तुझ्या केसमध्ये उचलणं सोपं वाटतंय, इंजिनाखाली १२ एमएमची पट्टी टाक. अर्धा इंच तेवढ्यात सुटतोय पण बेल्ट फडफडतो, त्याला आणखी जागा पाहिजे, म्हणून पट्टीच्या भोकांना स्लॉट मारून थोडं पुढं पण घे. आधी सील बदल, मग हे सगळं.

निपाणी_वाला:

कव्हरसाठी जुन्या तेलाच्या डब्याचा पत्रा मस्त होतोय, फक्त कडा वळवून घ्या, नायतर चारा उतरवताना पोटरी कापतीय. आणि बसल्यावर चढाला कसं चाललंय ते इथं सांगा की, चांगलं वाटलं तर मी पण माझा क्लच काढतो.