लेकीला मॅथ ऑलिम्पियाडसाठी कसं तयार करायचं? कॅल्क्युलस सुरू करू का?

गोंधळलेला_बाबा:
लेक ११ वर्षांची आहे, शाळेचं गणित तिला अगदीच पोरखेळ वाटतं. मी तिला दोन इयत्ता पुढचं शिकवून झालंय, आता कॅल्क्युलस घ्यावं म्हणतोय. पण परवा एका स्पर्धेचा जुना पेपर दिला तर पाच मिनिटांत "हे मला शिकवलंच नाहीये" म्हणून रडायलाच लागली. क्लास लावू का?

कागदपेन्सिल:
कॅल्क्युलसची घाई कशाला?? आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडला ते लागतच नाही. बीजगणित, भूमिती, नंबर थिअरी (पूर्ण संख्यांचे गुणधर्म) आणि कॉम्बिनेटोरिक्स (किती प्रकारे मोजता-मांडता येईल ते), बास. पेपर दोन दिवस, रोज साडेचार तास आणि प्रश्न फक्त ३, म्हणजे एकेकाला दीड तास. हुशार पोरांना दोन मिनिटांत उत्तर यायची सवय असते त्यामुळे अडकून बसायचं कसं हेच माहीत नसतं, तुझ्या लेकीचं तेच झालंय. तिला हे दे: १ ते १०० मधल्या कुठल्याही ५१ संख्या घेतल्या तर त्यात दोन तरी अशा असणारच ज्यांना १ सोडून सामायिक विभाजक नाही. का? पॉल एर्डश या हंगेरियन गणितज्ञाने असाच प्रश्न लहानग्या लायोश पोशाला (तोही पुढे गणितज्ञ झाला) घातला होता आणि त्याने तो सूप पिता पिता सोडवला म्हणे, आपल्या पोरांना दोन दिवस लागले तरी चालतंय. हिंट नको, फार तर १ ते १० मधल्या ६ घेऊन बघ म्हण.

आकडेमोड:
+१. आणि लिहायला लाव! तिथे प्रत्येक प्रश्नाला ७ मार्क, एकूण ४२, पण ते सिद्धतेला, नुसत्या उत्तराला जवळपास काहीच नाही. माझा मुलगा तोंडी सगळं फडाफडा सांगायचा, लिहायला सांगितलं की "दिसतंयच ना!". मग मी मुद्दाम ढ व्हायचो, प्रत्येक ओळीला "हे कशावरून?" (खूप चिडायचा.)
क्लासचं म्हणशील तर, फळ्यावर दहा मिनिटांत उत्तर येणार असेल तर नको. तिच्यासारखी दोन-तीन पोरं एकत्र भांडत सोडवत असतील तर जरूर लाव.

गोंधळलेला_बाबा:
५१ वालं दिलं. काल आंघोळीतून ओरडली, "बाबा, शेजारशेजारच्या दोन!" पण अशा दोन येतातच कशावरून ते काही सांगता येईना. जोड्या पाडायला सांगू का?

कागदपेन्सिल:
नको!!! गप्प बस.