अ‍ॅक्रन: रबराचे एकही झाड नसलेल्या गावात रबराची राजधानी कशी उभी राहिली?

टायरवाला
अमेरिकेच्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन हे शहर विसाव्या शतकाचा बराच काळ जगाची रबर-राजधानी म्हणून ओळखले जाई. गुडरिच, गुडइयर, फायरस्टोन आणि जनरल टायर या चारही बड्या कंपन्या मूळच्या तिथल्याच. परंतु कच्चे रबर समुद्रापलीकडून यायचे, मोटारी डेट्रॉईटला बनायच्या आणि अ‍ॅक्रनला ना बंदर, ना मोठी नदी. मग हा उद्योग नेमका तिथेच का रुजला? आणि तो गेल्यावर काय उरले? ‘कामगार संघटनांनी कारखाने बुडवले’ हे उत्तर नेहमी ऐकू येते; ते कितपत खरे आहे, हेही जाणकारांनी सांगावे.

कालवाकाठ
सुरुवात कालव्यापासून करावी लागेल. ओहायो-ईरी कालव्याच्या माथ्यावरील टप्प्याला सायमन पर्किन्स यांनी १८२५ मध्ये हे गाव वसवले. इथून उत्तरेकडे उतरताना नावांना जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे पाठोपाठ येणारे लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेले पाण्याचे कप्पे, पार करावे लागत: मागचा दरवाजा बंद करायचा, पाणी सोडून द्यायचे, नाव खालच्या पातळीला आली की पुढचा दरवाजा उघडायचा, आणि थोड्याच अंतरावर पुन्हा तेच. यात तासन्‌तास जात. खोळंबलेल्या प्रवाशांच्या जिवावर खाणावळी आणि दुकाने चालली, उतरत्या पाण्यावर पिठाच्या गिरण्या चालल्या. फर्डिनांड शूमाकर यांचा ओटचा मोठा धंदा याच गावात वाढला आणि पुढे क्वेकर ओट्समध्ये सामील झाला.

रबर मात्र भूगोलामुळे आले नाही. डॉ. बेंजामिन गुडरिच यांचा न्यूयॉर्क राज्यात जम बसला नव्हता. १८७० मध्ये ते अ‍ॅक्रनला आले, ते इथल्या व्यापाऱ्यांनी भांडवल उसने दिले म्हणून, आणि सुरुवातीला त्यांचा मुख्य माल होता आगीच्या बंबाचे पाइप. पाणी, कोळसा आणि रेल्वे ओहायोतील इतर अनेक गावांतही होती. पण गुडरिचच्या कारखान्यात हात बसलेले कामगार इथेच होते. १८९८ मध्ये गुडइयर आणि १९०० मध्ये फायरस्टोन निघाली, तेव्हा त्यांना ते आयते मिळाले. (गुडइयर या कंपनीचा, रबर टिकाऊ करण्याची पद्धत शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयर यांच्याशी काही संबंध नव्हता. कंपनीचे संस्थापक फ्रँक सायबरलिंग यांनी केवळ नाव उचलले होते.)

तिसरी पाळी
वरील प्रतिसादात माणसे कमी दिसतात, म्हणून भर घालतो. १९१० मध्ये सुमारे ६९,००० वस्ती असलेले हे शहर १९२० मध्ये २,०८,००० च्या पुढे गेले. घरे नव्हतीच. एकच खाट पाळीपाळीने भाड्याने दिली जाई. दिवसपाळीचा माणूस उठून कामावर गेला की त्याच अंथरुणावर रात्रपाळीचा येऊन झोपे. कामगारांचा मोठा लोंढा वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातून आला, इतका की अ‍ॅक्रनला गमतीने ‘वेस्ट व्हर्जिनियाची राजधानी’ म्हणत. कंपन्यांनी गुडइयर हाइट्स आणि फायरस्टोन पार्क या वसाहती बांधल्या. मात्र गुडइयर हाइट्सची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती, आणि विसाच्या दशकात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी संघटनेची पकड शाळा मंडळापर्यंत पोहोचली होती. या शहराच्या गौरवगाथेत हा भाग सहसा गाळला जातो.

१९३६ च्या आरंभी कामगारांनी यंत्रापाशी ठिय्या देऊन काम थांबवण्याचे तंत्र इथे वापरले. मिशिगनमधील फ्लिंट शहरातला मोटार-कामगारांचा प्रसिद्ध संप त्यानंतरचा. त्याच हिवाळ्यात गुडइयरचा संप सुमारे पाच आठवडे चालला. वाद केवळ मजुरीचा नव्हता. मंदीच्या काळात आलेली सहा तासांची पाळी मोडून आठ तास करायचे म्हणजे तेवढी माणसे घरी बसणार, हे कामगारांना नीट कळत होते.

त्रिज्या
आता मूळ शंकेकडे. संघटनांमुळे मजुरी चढी राहिली आणि कंपन्यांनी दक्षिणेकडे नवे कारखाने काढले, एवढे मान्य करू. पण त्यावरच थांबणे म्हणजे व्यवस्थापनाला सोडून देणे होय. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे (ज्याच्या आतले धागे तिरके न जाता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात) पेटंट घेतले. तो जुन्या पद्धतीच्या टायरपेक्षा कितीतरी जास्त टिकतो, आणि त्यासाठी यंत्रसामग्रीच बदलावी लागते. जास्त टिकणारा माल म्हणजे कमी विक्री, आणि वर नवी गुंतवणूक, अशा दुहेरी धास्तीने अमेरिकी कंपन्या रेंगाळल्या. अ‍ॅक्रनचे जुने बहुमजली कारखाने तर नव्या उत्पादनाला अगदीच गैरसोयीचे होते. फायरस्टोनने घाईने आणलेला ‘५००’ रेडियल १९७८ मध्ये लाखोंच्या संख्येने परत बोलवावा लागला. १९८२ मध्ये जनरल टायरचा इथला कारखाना बंद झाला, तर १९८८ मध्ये फायरस्टोन जपानच्या ब्रिजस्टोनकडे गेली.

उरले काय? गुडइयरचे मुख्यालय अजून तिथेच आहे आणि शर्यतीच्या मोटारींचे टायरही तिथे बनतात. गुडरिचच्या प्रयोगशाळेत १९२६ मध्ये वाल्डो सीमन यांनी पीव्हीसी हे प्लास्टिक लवचीक करण्याची युक्ती शोधली. रबराच्या रसायनशास्त्राची ती परंपरा अ‍ॅक्रन विद्यापीठाने पॉलिमर (रबर, प्लास्टिक यांसारख्या लांब साखळीच्या रेणूंचे पदार्थ) विज्ञानात पुढे नेली आहे. मात्र ‘रबराकडून पॉलिमरकडे’ या घोषणेवर मी फारसा भाळत नाही, कारण प्रयोगशाळेला जी मोजकी, उच्चशिक्षित माणसे लागतात, ती टायर कारखान्यांत राबणाऱ्या हजारोंची जागा घेऊ शकत नाहीत. १९६० मध्ये २,९०,००० असलेली लोकसंख्या २०२० मध्ये सुमारे १,९०,००० वर आली, आणि तीही बरीचशी नव्या स्थलांतरितांनी सावरली. एकेकाळी इटालियन असलेल्या नॉर्थ हिल भागात आता भूतानमधून हुसकावलेल्या नेपाळी भाषकांची मोठी वस्ती आहे.