मदत हवी आहे: कढीपत्त्यावरच्या फुलपाखरांच्या अळ्या गायब होतात

कुंडीवाली
देशी झाडं लावायची म्हणून गेल्या महिन्यात कढीपत्ता, लिंबू, रुई, कोरांटी आणली. फुलपाखरं येतात, अंडी घालतात, अळ्याही होतात. पण मोठ्या झाल्या की गायब! सकाळी पाच होत्या, संध्याकाळी दोन. काही काळ्या पडून पानावर लोंबत होत्या. एक कोष मिळाला, तोही काळा पडला म्हणून काढून टाकला. खतपाणी सगळं व्यवस्थित आहे. काय चुकतंय? लवकर सांगा, आता तीनच उरल्यात.

गच्चीकर
शहर कोणतं? कितवा मजला? अळ्या यातल्या नक्की कोणत्या झाडावर? रुईवरची अळी आणि कढीपत्त्यावरची अळी, दोन्हींची गणितं वेगळी. आणि "खतपाणी" म्हणताय त्यात फवारणी येते का?

कुंडीवाली
शीर्षकात लिहिलंय ना, कढीपत्ता. पुणे, चौथा मजला. फवारणी अळ्यांवर कशाला करीन?

निंबोळी_५मिली
कढीपत्त्यावरच्या अळीला निंबोळी तेल रामबाण आहे. १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली तेल आणि २ मिली पातळ साबण, चांगलं घुसळून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना मारा. आठ दिवसांनी पुन्हा. एकही अळी राहणार नाही.

शेंदरी_पंख
अहो, त्यांना अळ्या वाचवायच्या आहेत! प्रश्न पुन्हा वाचा.

कुंडीवालीताई, अळ्या दिसायला कशा आहेत? लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या काळपट-पांढऱ्या आणि शेवटच्या कातीनंतर हिरव्यागार झाल्या असतील, डिवचल्यावर डोक्यामागून लाल दुभंगलेलं शिंग काढून उग्र वास सोडत असतील, तर कॉमन मॉरमॉन. शिंग पिवळट-नारिंगी असेल तर लाइम बटरफ्लाय.

कुंडीवाली
हिरव्या, लाल शिंग. ब्लू मॉरमॉन असेल का? ते आपलं राज्य फुलपाखरू ना?

शेंदरी_पंख
२०१५ साली जाहीर झालेलं तेच. त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर वाढतात. पण पुण्यातल्या बाल्कनीत कढीपत्त्यावर बहुतेक वेळा कॉमन मॉरमॉनच निघतं. अळीवरून ठरवू नका, फुलपाखरू निघेल तेव्हा कळेल.

आता "गायब". यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात असं मला वाटतं.

हिरवी, बोटाच्या दोन पेरांएवढी अळी रात्रीत दिसेनाशी झाली तर ती मेलेलीच असेल असं नाही. कोष करायच्या आधी ती खाणं थांबवते, एकदा पातळ ओलसर विष्ठा टाकते आणि झाड सोडून चालायला लागते. कुंडीच्या काठाखाली, ग्रिलच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात बघा. कोष कधी हिरवा, कधी तपकिरी असतो, जागेच्या रंगात मिसळून जातो, म्हणून समोर असून दिसत नाही.

लहान, विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या जात असतील तर गांधीलमाशी, शिंपी पक्षी, बुलबुल किंवा कोळी.

काळी, ढिली पडून लोंबणारी अळी हे मात्र वाईट लक्षण. विष किंवा रोग. लोंबायच्या आधी हिरवं पाणी ओकत, वळवळत होती का?

कुंडीवाली
हो. हिरवं पाणी आलं होतं.

गच्चीकर
मग पुन्हा विचारतो. बाल्कनीत कुठल्याही झाडावर गेल्या महिन्याभरात काय मारलंत? आणि ही झाडं कुठून आणली?

कुंडीवाली
जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आलाय, त्यावर निंबोळी तेल मारते. ते तर नैसर्गिक असतं! झाडं रोपवाटिकेतून आणली. कुंडीत टाकायला त्यांनी एक रंगीत दाण्यांची पुडी दिली होती, ती सगळ्या कुंड्यांत चिमूट चिमूट टाकली.

गच्चीकर
सापडलं. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

निंबोळी_५मिली
निंबोळीला उगाच दोष नको. मधमाश्यांना ती रासायनिक औषधांपेक्षा खूपच सौम्य.

शेंदरी_पंख
संध्याकाळी मारली तर मधमाश्यांपुरतं मान्य. पण निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन कीटकाची कात टाकण्याची क्रियाच बिघडवतं आणि भूकही मारतं. पानं खाऊन चार वेळा कात टाकणाऱ्या अळीला याहून घातक काय असणार? जास्वंदीवर मारलेला फवारा चौथ्या मजल्यावरच्या वाऱ्याने शेजारच्या कढीपत्त्यावर जातो. "बीटी" म्हणून मिळणारी जिवाणूंची पावडरही अशीच नैसर्गिक आहे आणि ती अळ्याच मारते.

दाण्यांचं प्रकरण जास्त गंभीर आहे. अशा पुडीत बहुधा आंतरप्रवाही कीटकनाशक असतं. ते मुळांतून पानांत, फुलांच्या मधात आणि परागातही पोचतं. पानं धुऊन जात नाही, कित्येक आठवडे ते काही महिने टिकतं. त्या कढीपत्त्याची पानं घरातही खाऊ नका.

कुंडीवाली
बापरे. पण मग या तिघींचं काय करू? आजचं सांगा.

गच्चीकर
आज: सोसायटीत फवारणी न होणारा जुना कढीपत्ता शोधा आणि त्याच्या फांद्या आणा. बाजारातली जुडी नको, तिच्यावर औषधाचा अंश असण्याची दाट शक्यता. लिंबाच्या पानांवरही हलवू नका, मोठ्या अळ्या बरेचदा नवं झाड स्वीकारत नाहीत. फांदी पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवून तोंड कापसाने घट्ट बंद करा, नाहीतर अळ्या पाण्यात उतरून बुडतात. बाटली जाळीचं झाकण असलेल्या खोक्यात ठेवा. अळी हाताने उचलू नका, ती बसलेलं पान कापून नव्या फांदीला टेकवा. विष्ठा रोज काढा, ओलसर राहिली तर रोग येतो. खोक्यात दोन खरखरीत काड्या तिरक्या लावा, कोषासाठी.

नंतर: कुंडीतले दिसतील ते दाणे वरच्या मातीसकट हातमोजे घालून काढा आणि कढीपत्ता-लिंबावर पुढचे काही महिने मच्छरदाणी टाका, म्हणजे कोणी अंडीच घालणार नाही. कोरांटीची फुलंही तोवर खुडा. पिठ्या ढेकणाला पाण्याची जोरदार धार, उरलेल्याला साबणाच्या पाण्यात बुडवलेला ब्रश. फवारा नाही.

नवीन रोपं बियांपासून करा. कढीपत्त्याची पिकून काळी झालेली फळं घ्या, गर धुऊन काढा आणि दोन-तीन दिवसांत पेरा. बी वाळलं की रुजत नाही. वीतभर रोपावर दोनपेक्षा जास्त अळ्या जगत नाहीत, पानंच संपतात. १२ इंची कुंड्यांत तीन-चार झाडं हवीत आणि चार-पाच तास थेट ऊन.

पोया
मधमाश्यांसाठी बांबूच्या नळ्या लावा की! ६ ते १० मिमी व्यासाच्या, १५ सेंमी लांब, एका टोकाला पेर राखून. आतून घासून गुळगुळीत करा, पूर्वेकडे तोंड, पाऊस लागता कामा नये. पानांचे तुकडे कापून नळीत घरटं करणाऱ्या पानकापी मधमाश्या येतात. सोबत सब्जा आणि निर्गुडी लावा.

शेंदरी_पंख
उत्तम, पण विषाचा अंमल उतरल्यावर. आत्ता मधमाश्या बोलावणं म्हणजे त्यांना तोच मध पाजणं.

कुंतल
इतकी खटपट कशाला? घाणेरी लावा, फुलपाखरांचा थवा येतो.

गच्चीकर
घाणेरी अमेरिकेतून आलेली आणि आपली रानं गिळत चाललेली. पक्षी फळं खाऊन बी लांब टाकतात, म्हणून कुंडीतलीही नको. शिवाय मध प्यायला येणाऱ्या फुलपाखराला अंडी घालायला जागा कुठे? त्यापेक्षा खुळखुळा लावा. त्यातल्या अल्कलॉइड नावाच्या रसायनासाठी ब्लू टायगर, प्लेन टायगर या फुलपाखरांचे नर वाळक्या काड्यांवरही बसतात. बी रात्रभर भिजवून पेरायचं.

कुंतल
एकदांडी पण बाहेरचीच आहे, तिला कोणी बोलत नाही.

शेंदरी_पंख
बाहेरचीच आहे. उगवली तर राहू द्या, मुद्दाम लावू नका. धागा भरकटतोय.

कुंडीवालीताई, रुईबद्दल एक राहिलं: छाटताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, बुबुळाला इजा होते.

पोया
पक्ष्यांसाठी ज्वारी ठेवता का? ठेवू नका, पारवे येतील.

कुंडीवाली
ज्वारी ठेवत नाही. खोकं केलं, तिन्ही अळ्या नव्या फांदीवर खातायत. आणि कुंडीच्या स्टँडखाली खरंच दोन कोष मिळाले! एक हिरवा, एक आज सकाळपासून काळा पडलाय. हा पण गेला का?

शेंदरी_पंख
हात लावू नका! टॉर्च मारून बघा. आतून पंखांवरचे पांढरे ठिपके दिसतायत, की नुसता काळा, मऊ आणि पाणी सुटलेला आहे? निघायच्या आदल्या दिवशी कोष पारदर्शक होतो आणि आतला काळा पंख दिसतो.

कुंडीवाली
ठिपके आहेत. पांढरे, एका ओळीत.

म्हणजे त्या दिवशी मी काढून टाकला तो...

शेंदरी_पंख
तोही कदाचित तसाच असेल. याच्याखाली पाच-सहा इंच जागा मोकळी ठेवा, पंख लोंबवून सुकवायला ती लागते. उद्या सकाळी लवकर उठा.