मदत हवी आहे: १९६९ कॅमारो झी-२८, इंजिन मूळचंच आहे का?

नमस्कार मंडळी,

मी सिनसिनाटीजवळ राहतो. इथल्या नॉरवूडच्या जनरल मोटर्स कारखान्यात (१९८७ साली बंद झाला) बनलेली एक १९६९ची झी-२८ (शेव्हरोलेच्या कॅमारो गाडीचा एक प्रकार) विकायला निघाली आहे. मालक सत्तरीपुढचे, बोलायला सरळ. किंमत मात्र 'नंबर्स मॅचिंग'ची सांगतायत, म्हणजे कारखान्यातून निघताना होतं तेच इंजिन. गाडी मनात भरली आहे, पण इंजिनाची शंका काही जात नाही.

रविवारी दोन तास टॉर्च घेऊन बसलो होतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) टॅगवर ०७सी, म्हणजे जुलैचा तिसरा आठवडा, आणि एक्स७७, म्हणजे झी-२८च. उजव्या हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) पुढे ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर) जो छोटा सपाट पॅड असतो, त्यावर व्ही०७०९डीझी. म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, ९ जुलै, आणि डीझी हा झी-२८च्या ३०२ घन इंची इंजिनाचा कोड. शेजारी व्हीआयएनचे (गाडीच्या ओळख क्रमांकाचे) आकडेही जुळतात. कागदावर सगळं चोख.

खटकला तो पॅडच. कारखान्यात ब्लॉक ब्रोच करत (दातेरी हत्यार फिरवून सपाट करत), त्यामुळे पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा राहतात. इथे एकही रेघ नाही. तेल पुसून टॉर्च आडवी धरली तर गोल गोल ओरखडे दिसतात. शिवाय इंजिनाचा कोड फ्लिंटला ठोकत आणि व्हीआयएन नॉरवूडला, म्हणजे ठसे दोन वेगळ्या कारखान्यांचे. इथे दोन्हीकडचा ९ हुबेहूब सारखा, खोलीही सारखी.

मालक म्हणतात, आधीच्या मालकाने इंजिन उघडलं तेव्हा ब्लॉकला फेसिंग मारलं होतं (वरचा भाग घासून सपाट केला होता). वडिलांचं सांगलीत गॅरेज होतं, त्यामुळे फेसिंग मला नवीन नाही. पण फेसिंगमध्ये जुने आकडेही जातात ना? मग हे पुन्हा कोणी ठोकले, आणि कशावरून?

ब्लॉकचा कास्टिंग नंबर ३९७००१०. हाच ब्लॉक ३५० इंजिनालाही असायचा आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरपर्यंत ओतला जात होता. ओतल्याच्या तारखेत वर्षाचा एकच आकडा असतो. इथला ९ म्हणजे १९६९ की १९७९?

शेव्हरोलेकडे अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या गाड्यांची इंजिनवार नोंद नाही. पॉन्टिअकवाल्यांना (जनरल मोटर्सचाच दुसरा ब्रँड) ती मिळते, आपल्याला नाही. गाडीसोबतची प्रोटेक्ट-ओ-प्लेट (गाडीची आणि इंजिनाची माहिती कोरलेली वॉरंटीची धातूची पट्टी) हरवली आहे.

शनिवारी परत जातोय. ३०२चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ३ इंच, ३५०चा ३.४८. स्पार्क प्लगच्या भोकातून लाकडी काडी घालून इंजिन हाताने फिरवलं तर हा जेमतेम अर्ध्या इंचाचा फरक कळेल का? भोक तिरकं असतं म्हणून विचारतो. गाडीच्या मन्सी बनावटीच्या गिअरबॉक्सवरचा व्हीआयएनचा ठसा गाडी वर न उचलता वाचता येतो का? आणि हीटरच्या डब्यामागे काउलवर (पुढच्या काचेखालच्या पत्र्यावर) जो लपलेला व्हीआयएन असतो, तो बघायला डबा काढावाच लागतो का? मालकांना तेवढं सांगायचं म्हणजे आधी खात्री हवी.

जुलै १९६९च्या नॉरवूडच्या गाडीचा न घासलेला पॅड कोणाकडे असेल तर कृपया जवळून फोटो टाका. मला त्यातला ९ इथल्या ९ शेजारी ठेवून बघायचा आहे.