मदत हवी आहे: वल्हांडणाचं कोकरू पापार्पण होतं का?

रानजाई: उद्या सकाळी वल्हांडणावर, म्हणजे मिसरातून (इजिप्तमधून) सुटकेच्या यहुदी सणावर, टिपण द्यायचंय. कोकराचं रक्त पापासाठी, असं जिथे तिथे लिहिलंय, पण अध्यायात 'पाप' शब्दच नाही. मग अर्थ काय? लवकर सांगा.

खुंटी: कुठला अध्याय? बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा 12 की अनुवाद पुस्तकाचा 16? मिसरातली पहिली रात्र की यरुशलेमच्या मंदिराच्या काळातला विधी?

सांजवात: रक्त म्हणजे प्रायश्चित्त. लेवीय 17:11 वाचा, विषय संपला.

खुंटी: संपला कसा? लेवीय 4 मध्ये सामान्य माणसाने पापार्पणाला कोकरू आणलं तर मादी लागते, मांस याजकाचं, आणणाऱ्याला तुकडाही नाही. इथे वर्षाचा निर्दोष नर आणि खायला अख्खं घर. घर लहान असेल तर शेजारी वाटेकरी. वेदी नाही, याजक नाही. असलंच तर शांत्यर्पणाच्या (ज्याचं मांस आणणाराही खातो) जवळचं.

रानजाई: मिसरातलीच रात्र, अजून कुठली! मग दाराला रक्त कशाला?

कडूभाजी: खूण म्हणून, निर्गम 12:13: रक्त दिसलं की देव ते घर ओलांडून जाणार. एजोब या झुडपाची जुडी रक्तात बुडवून कपाळपट्टीला आणि दोन्ही बाह्यांना लावायची, सकाळपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही. पण खरा मुद्दा मध्ययुगीन यहुदी पंडित मैमोनिडीजचा: मिसरी लोक मेंढा पुजत, तोच त्यांच्या डोळ्यांदेखत कापायचा. म्हणून तर दहाव्या दिवशीच आणून चौदाव्यापर्यंत ठेवायचा.

खुंटी: 12:5 मध्ये करडूही चालतं. त्याचं काय?

कडूभाजी: 12:12 बघा. 'मिसरातल्या सर्व देवांना' शासन, एकट्या मेंढ्याला नाही.

शेगडी: भाजण्याबद्दल कुणीच बोलत नाही! डोकं, पाय, आतडी यांसकट अख्खं. मिश्नात (यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात) सळई डाळिंबाच्या लाकडाची सांगितली आहे. इतर लाकडांना पाणी सुटतं, मांस उकडल्यासारखं होतं. लोखंडी सळई स्वतःच तापते, म्हणजे आतून मांस सळईने भाजतं, आगीने नाही. म्हणून तीही बाद.

रानजाई: भाजायचं नाहीये मला, अर्थ हवाय.

कोकणकिनारा: बेने इस्राएलांसाठी (कोकणातल्या मराठी यहुद्यांसाठी) पुण्यात 1874 मध्ये मराठीसकट हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. ती मिळाली तर बघा.

रानजाई: आत्ता, रात्री? त्यात काय आहे ते सांगा ना.

कोकणकिनारा: कुठल्याही हग्गादेत रब्बान गम्लिएल या प्राचीन यहुदी गुरूचं उत्तर असतंच. कोकरू कशासाठी? देवाने मिसरात आपल्या पूर्वजांची घरं ओलांडली म्हणून. पापाचं नाव नाही. हेच टिपणात घाला.

सांजवात: मग बायबलातल्याच यहेज्केल 45 मध्ये वल्हांडणाला पापार्पण आहे, ते?

खुंटी: तो गोऱ्हा. अधिपतीने द्यायचा, कोकरापासून वेगळा. 45:22.