"शिकून काय उपयोग?" असं पोरं म्हणतात तेव्हा नेमकं काय अडलेलं असतं? (सातारा-सांगली अनुभव धागा)

शाळा, कॉलेज, दाखले, भरती अकादमी, एसटी यांच्याशी रोज संबंध येणाऱ्यांसाठी हा धागा. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काल्यात 'रयत' शिक्षण संस्थेची सुरुवात केली. त्या मुलखात शिक्षणाला मान नाही असं कोण म्हणेल? तरी दहावीनंतर "बास झालं आता" हे घरोघरी ऐकू येतं. भाषण नको, आत्मचरित्र नको. कुठं अडतं आणि काय केल्यावर सुटतं, तेवढंच लिहा.

गणित शिक्षक, खटाव तालुका

नववीतलं पोरगं "मला शाळाच आवडत नाही" म्हणतं, तेव्हा बहुतेक वेळा ते पाचवीच्या अपूर्णांकात अडकलेलं असतं. तपासायला कागद-पेन पुरे. ३/४ + १/६ करायला सांगा. उत्तर ४/१० आलं, तर वरचे वर आणि खालचे खाली मिळवलेत. "चूक" म्हणू नका. पाऊण मोठं की चार दशांश, एवढंच विचारा. बेरीज करून आकडा लहान कसा झाला, यावर पोरगं स्वतःच थबकतं.

मग वहीच्या चौकटीच्या कागदावर १२ घरांची पट्टी आखायची. पाऊण म्हणजे ९ घरं, एक षष्ठांश म्हणजे २ घरं, रंगवून झाली ११. आता लसावि सांगा. आधी नियम पाठ करून घेतला की आठवड्यात उडतो, कारण १२ कुठून आले हे त्यानं पाहिलेलंच नसतं. ही राहिलेली कच्ची बाजू भरल्याशिवाय बीजगणित शिकवणं वाया. शिकवण्या लावणारे पालक नेमकं उलटं करतात, थेट नववीच्या पुस्तकाचा क्लास लावतात. पोराला तिथंही काही कळत नाही, आणि फी भरली म्हणून बोलणी वेगळीच.

भरतीची पोरं घडवणारा, सातारा तालुका

वरच्या गुरुजींना दुजोरा. घरोघरी फौजी असलेल्या मिलिटरी अपशिंगे गावाच्या जिल्ह्यात वर्दीचं वेड असायचंच. पण "पळायचंय, बारावी कशाला?" म्हणणाऱ्यानं नियम वाचलेले नसतात. पोलीस शिपायाला बारावी पासच लागते. मैदान ५० गुणांचं. मुलांना १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. त्यात निम्मे गुण मिळवायचे, शिवाय जागांच्या दहापट पोरांतच नंबर लागला तर लेखी. लेखी १०० गुणांची: अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. मैदानात ४५ घेणारा पोरगा शेकडेवारीत आणि काळ-काम-वेगात झोपतो, आणि घरचे म्हणतात वशिला नव्हता. आणखी एक. डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटात, पहिल्याच आठवड्यात पाच किलोमीटर पळालं की नडग्या धरतात. मातीवर पळा, अंतर हळूहळू वाढवा.

दाखल्यांची कामं करणारा, तासगाव

बारावी सायन्सनंतर राखीव, कमी फीच्या जागेवरून नाव जातं ते मार्कांमुळं कमी, जात पडताळणीमुळं जास्त. ती अकरावीतच टाकायची, कॉलेजच्या पत्रासह. निकालानंतर धावपळ केली तर समितीकडं एकदम गर्दी लोटते.

खरी मेहनत जुन्या पुराव्याची. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, जात लिहिलेला कागद पाहतात. आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा, कुणाच्याही शाळेच्या रजिस्टरचा उतारा चालतो, फक्त वंशावळीत ते नाव जुळलं पाहिजे. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसीलमध्ये कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधा.

सांगलीकरांनी ध्यानात ठेवावं: जुन्या उताऱ्यावर 'जि. दक्षिण सातारा' दिसलं तर कागद चुकीचा समजून टाकून देऊ नका. १९४९ पासून १९६० पर्यंत आपल्या जिल्ह्याचं नावच ते होतं. त्याआधीच्या तासगाव, वाळवा, खानापूरच्या कागदांवर नुसतं सातारा. जत, मिरज, सांगली संस्थानांत होती, तिथले कागद आणखी निराळे.

आणि नावं! दाखल्यावर 'बाळू', सातबाऱ्यावर 'बाळासो', आधारवर 'बाळासाहेब'. तिघं एकच, असं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा. त्रुटी निघाल्यावर जोडायला गेलं की फाईल पुन्हा रांगेत.

विटा

आमच्याकडं पोरगं शाळा सोडतं ते गलाईला. मामा-काका गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पांगलेले, दहावीच्या आधीच बोलावणं येतं. चार वर्षांनी त्यालाच दहावीचा कागद हवा असतो. रस्ता आहे: १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून दहावी-बारावी. फॉर्म पावसाळ्यात भरतात, परीक्षा फेब्रुवारी-मार्चला. लोक जानेवारीत चौकशीला येतात. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, म्हणून जाताना तो ट्रंकेत घालून परराज्यात नेऊ नका, घरी ठेवा. आणि दहावीला अंतर्गत २० गुणांचं काम संपर्क केंद्राच्या शाळेत द्यावं लागतं. नुसतं पेपरला येऊन भागत नाही.

माण, कन्या शाळेशी संबंधित

मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, अडतं वेळेवर. प्रात्यक्षिकं संपतात आणि शेवटची गाडी गेलेली असते. मग "पोरीला शिक्षणाची गोडी नाही" असं ठरतं. आगारप्रमुखांना "गाडी सोडावी ही विनंती" एवढाच अर्ज नको. थांब्यानुसार पासधारक मुलींची संख्या, कॉलेज सुटायची वेळ, मुख्याध्यापकांचं पत्र आणि वाटेवरच्या सगळ्या ग्रामपंचायतींचे ठराव एकाच गठ्ठ्यात. जूनच्या आधी. एकदा वेळापत्रक लागलं की मधेच फेरी बदलणं त्यांनाही जड जातं.

कारखाना पट्ट्यातला शिक्षक, वाळवा

ऊसतोडीची लेकरं दिवाळीच्या आसपास येतात. दाखला नाही म्हणून कुणी परत पाठवू नये. शिक्षण हक्क कायद्यानं दाखला नंतर आला तरी चालतो, आणि वर्ग वयाप्रमाणे द्यायचा. जाताना शिक्षण हमी कार्ड (लेकरू इथं शिकत होतं याची नोंद) भरून हातात द्या, नाहीतर गावाकडच्या शाळेत वर्षभर गैरहजर दिसतात.

कराड

"पोरीच्या इंजिनिअरिंगला पैसे कुठले?" म्हणणाऱ्यांसाठी: जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसीतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीय फेरीतूनच हवा, संस्था पातळीवरच्या कोट्यातून घेतला तर लाभ नाही. हॉस्टेल आणि मेस यात धरलेलं नाही, तो खर्च वेगळा मांडा.