गांज्याचे तुरे आतून सडत आहेत : फवारणीने वाचतील का?

प्रश्न

मी कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात राहतो. येथे एका घरात चार झाडे लावण्यास कायद्याने मुभा असल्यामुळे तळघरातील छोट्या तंबूत, दिव्यांखाली, गांजा लावला आहे. काढणीला अजून काही आठवडे अवकाश असताना सर्वांत जाड तुऱ्यांमधील बारीक पाने एकाएकी सुकू लागली असून हलके ओढताच ती हातात येतात. तुरा उकलून पाहिल्यास देठालगतचा भाग तपकिरी आणि लिबलिबीत दिसतो. एका झाडाच्या खालच्या पानांवर पिठासारखे पांढरे डागही आहेत. दिवे सुरू असताना तापमान 26 अंश आणि आर्द्रता 55 टक्के असते, जी मला फारशी वाटत नाही. कोणते बुरशीनाशक फवारावे?

उत्तर 1

हे दोन वेगळे रोग आहेत. पानांवरील पांढरे डाग म्हणजे भुरी; तुऱ्यातील सड ही बोट्रायटिस, म्हणजे करडी बुरशी. भुरी पृष्ठभागावर वाढते, तर करडी बुरशी घट्ट तुऱ्याच्या पोटात, जेथे वारा पोहोचत नाही तेथे सुरू होते, आणि म्हणूनच ती बाहेरून दिसेपर्यंत आतले बरेचसे गेलेले असते.

दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका. दिवे बंद झाल्यावर तापमान 18 अंशांपर्यंत उतरले, तर हवेतील तेवढ्याच बाष्पाने आर्द्रता सुमारे 90 टक्के होते. शिवाय कुंडीत घातलेले बहुतेक पाणी पानांवाटे पुन्हा त्याच हवेत येते. त्यामुळे पाणी दिवे लागताच द्यावे, डीह्युमिडिफायर (हवेतील ओलावा काढणारे यंत्र) प्रामुख्याने अंधाराच्या वेळी चालवावा, तंबूतील हवा तळघरात न सोडता नळीने घराबाहेर काढावी आणि रात्रीचे तापमान फार उतरू देऊ नये.

सडलेला तुरा सडीच्या बराच खाली, निरोगी भागातून कापून, न हलवता पिशवीत बंद करावा. त्या वेळी पंखा बंद ठेवावा, अन्यथा बीजाणू सर्वत्र उडतील. प्रत्येक कापानंतर कात्री 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी.

उत्तर 2

मी निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे. आमच्याकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे हे पीक मनाप्रमाणे लावता येत नाही, त्यामुळे माझा अनुभव द्राक्षाचाच आहे. परंतु बुरशी तीच आहे. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला की दाट घडात ओल अडकते आणि एक मणी सडला की शेजारचे मणी पाठोपाठ जातात. म्हणून आम्ही विरळणी आणि घडाभोवतीची पानकाढणी वेळेवर करतो. ही कामे सड दिसल्यावर केल्यास उपयोग थोडाच.

फवारणीबाबत मात्र आमचे अनुकरण करू नका. भुरीसाठी आम्ही वापरतो ते मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक तापवले असता त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघू शकतो. द्राक्ष कोणी पेटवून ओढत नाही!

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. रात्रीची आर्द्रता मी आजवर मोजलीच नव्हती. आता नोंद ठेवणारा मापक लावतो. कापलेल्या तुऱ्यांचा वरून चांगला दिसणारा भाग हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाण्यात धुऊन वापरावा, असे एका परिचिताने सुचवले आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर 3

नाही. धुण्याने वरचे बीजाणू कमी होतील, परंतु ऊतींमध्ये शिरलेले तंतू तसेच राहतात, आणि पेटवल्यानेही बुरशीचा धोका संपत नाही. सडक्या मालावर ॲस्परजिलससारख्या इतर बुरशीही वाढतात. दमा असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तीच्या फुफ्फुसांना त्या गंभीर इजा करू शकतात. तो भाग टाकूनच द्यावा.

उरलेल्या झाडांचे सर्वांत जाड तुरे रोज उकलून पाहा. सड पसरत असेल तर पूर्ण पक्वतेची वाट न पाहता निरोगी भागाची काढणी आधी करावी, आणि मोठे तुरे अखंड न टांगता लहान तुकडे करून, मंद वारा खेळत्या जागेत, 55 ते 60 टक्के आर्द्रतेत वाळवावेत. बरणीत भरल्यावर आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा 65 टक्क्यांच्या वर गेला तर माल बाहेर काढून पुन्हा पसरावा.